सातवी ‘ब’चे कागदी पाय

गणिताच्या सरांचं एक बरं असतं. अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच येतं, तपासलं की विषय मिटला! मी शिकवते पर्यावरण. वर्गात जेवढी घरं तेवढी उत्तरं, आणि एकेका उत्तरामागं एकेक किस्सा. स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत मी एक सांगते, कप रिकामा होईपर्यंत दुसरा, तरी साठा काही आटत नाही.

यंदा कोल्हापुरातल्या आमच्या शाळेत मी सातवी ‘ब’ला घराचं ‘पाऊल’ शिकवायला घेतलं. म्हणजे आपलं घर पाणी, वीज, गॅस, पेट्रोल किती वापरतं, कचरा किती काढतं, आणि त्या सगळ्याचा पृथ्वीवर भार किती पडतो, ते. नुसतं बडबडून पोरांच्या डोक्यात काय शिरणार? म्हणून प्रत्येकानं घरच्या वापराप्रमाणं कागदाचा पाय कापायचा. वापर जास्त, पाय मोठा. सगळे पाय वर्गाच्या भिंतीवर.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून हात वर. “बाई, रविवारचं मटण धरायचं?”

“धरायचं. जनावर वाढवायला चारा लागतो, पाणी लागतं.”

वर्गात कुणीतरी गेल्यासारखी हळहळ पसरली. मग तोच आवाज, अगदी काकुळतीला येऊन, “मग पांढरा रस्सा तरी सोडा की बाई!”

* * *

पाण्याच्या धड्याला मी ‘अर्ध्या बादलीत आंघोळ होते’ असं बोलून गेले. थोड्याच दिवसांत विराजच्या आईचा फोन. “बाई, पोरगं आंघोळच करंना झालंय! विचारलं की तुमचं नाव पुढं करतंय.”

विराजला उभा केला. गडी शांत. “बाई, सोमवारी अर्धी बादली घेतली. मंगळवारी तिच्या निम्मी. बुधवारी तिच्या निम्मी. असं करत करत तांब्यावर आलोय.”

“अरे, मग तो तांब्या तरी ओत अंगावर!”

“त्यो काल पिऊन टाकला.”

* * *

सानिया मुल्ला ही आमच्या वर्गाची वीजमंत्री. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की हिचा हात बटणावर. तिचे अब्बा टेलर. दुकान घरालाच लागून, त्यामुळं मंत्रीणबाईंचं राज्य तिथंपर्यंत!

एकदा अब्बा स्वतः शाळेत आले. “बाई, मी सुईत दोरा ओवाय वाकलो, तर पोरीला वाटलं दुकानात कुणी न्हाई. घालवली बत्ती! मी आपला अंधारात अंदाजानं शिवत बसलो. शर्टाचा खिसा आतल्या अंगानं बसला की!”

मी ओशाळले. “गिऱ्हाईक चिडलं असेल.”

“चिडतंय कशाचं? पाकीटमाराला सापडायचा न्हाई म्हणून आणि दोन शर्ट शिवायला टाकून गेलंय. आता पोरीला कसं रागवू, तेवढं सांगा.”

* * *

आमचे मुख्याध्यापक शाळेच्या मागच्याच गल्लीत राहतात आणि मोटारसायकलवर येतात. पोरांनी त्यांच्या नावाचा एक भलामोठा पाय कापला आणि ऑफिसच्या दारावर चिकटवला. झालं! मला बोलावणं आलं.

“बाई, हा पाय पालकांनी बघितला तर माझी काय शोभा राहील?”

दुसऱ्या दिवशी सर चालत आले. गेटवर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला तर भरून आलं हो! तेवढ्यात मागून शिपाईमामा आले. सरांच्याच मोटारसायकलवर, हँडलला डबा, पाठीला सरांची बॅग.

“आता कापा माझा पाय,” सर छाती काढून म्हणाले. “चालत आलोय!”

* * *

आणि आमचा संग्राम पाटील. घरात चौदा माणसं, एक चूल, दारात म्हशी. त्याचा पाय चार कार्डशीट जोडून झाला आणि बोटं दारापर्यंत गेली. “संग्र्या, तुझा पाय आत घे, दार लागंना,” म्हणून पोरं रोज खिदळायची. तोही हसायचा.

मग मी जाहीर केलं की सगळे पाय प्रदर्शनात हॉलमध्ये लावायचे, घरच्यांना बोलवायचं. मधल्या सुट्टीत संग्राम माझ्यापाशी आला. मान खाली. “बाई, माझा पाय लावू नका. आमचं आप्पा येणार हायत.”

आप्पा म्हणजे त्याचे आजोबा, गल्लीत मान असलेला माणूस. भरल्या घराचा त्यांना केवढा अभिमान, आणि हॉलभर लोकांपुढं त्याच घराचा पाय सगळ्यांत अवाढव्य!

पुढच्या तासाला मी फळ्यावर भागाकार मांडला. घराचा वापर भागिले घरातली माणसं, आणि तेवढाच पाय. तीन माणसं, एसी आणि कार असलेल्या अर्णवचा पाय फुगला. संग्रामचा सर्रकन आत आला. पोरगं उड्या मारत घरी गेलं.

तिथं आप्पांनी एवढंच ऐकलं, “माणसं वाढली की पाय बारीक हुतोय?”

मग काय विचारता! चंदगडची आत्या लेकरांसकट आली. जयसिंगपूरचे व्याही आले. कुरिअर द्यायला आलेल्या माणसाला आप्पांनी हाताला धरून आत नेलं. “पावणं, जेवल्याबिगार जायाचं न्हाई!” इकडं संग्राम रोज नवीन आकडा घेऊन वर्गात. “बाई, काल एकोणीस! बाई, आज तेवीस!”

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांचं घर गाठलं. पुढच्या सोप्यात ताटांची रांग लागलेली. मी आप्पांना समजावलं, “अहो आप्पा, पाहुणे जेवले की गॅस वाढतो, पाणी वाढतं. आणि पाहुण्यांची डोकी भागाकारात धरत नाहीत.”

“घरात जेवला त्यो घरचा,” आप्पा म्हणाले. “आमच्यात असाच हिशेब हाय.”

मी पर्स उचलली. “बरं, येते मी. घरी स्वयंपाक व्हायचाय.”

दारात संग्राम उभा. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात उद्याचा नवा पाय, अगदी नेटका कापलेला. माझ्याकडं बघून त्याचं तोंड एवढंसं झालं.

“बाई, बसा ताटावर,” आप्पा म्हणाले. “पोरानं तुमाला धरून भागाकार केलाय. आता उठून गेलासा, तर उद्या समद्यांपुढं पोरगं खोटं ठरंल!”