त्या दिवशी गुन्हा नव्हता

माझी वहिनी झेली शियासों शाळेची बस चालवायची. आमच्या किनाऱ्यावरची निम्मी मुलं तिच्याच बसमधून शाळेत गेली, आणि पुढे त्यांची मुलंही. केप ब्रेटन बेटाच्या या बाजूला डोंगरावरून सुएत वारा उतरतो तेव्हा छपरं उडतात, उभे ट्रक आडवे होतात. एकदा तो वारा वाटेत अचानक उठला, तर हिने बस चर्चच्या भिंतीआड नेऊन उभी केली आणि वारा पडेपर्यंत मुलांकडून गाणी म्हणवून घेतली. अशी ही बाई. तिच्या हातून बस गेली ती त्या मे महिन्यात, शेवंडांचा हंगाम ऐन भरात असताना.

आन्सेल्म, माझा भाऊ, त्या वर्षी समुद्रावर गेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसने त्याचे पाय धरले होते. ओलं फडकं पिळावं तसे पोटऱ्यांचे स्नायू पिळले जायचे आणि हा पलंगाच्या कडेला दात रोवायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं, पण माणूसही कमी व्हायचा. बायको समोर उभी असली तरी कोण म्हणून बघत राहायचा. मग कुणीतरी वेंडलचं नाव सांगितलं. हा वेंडल वरच्या दरीत शेळ्या पाळायचा आणि शेळ्यांच्या गोठ्यामागे थोडा गांजा लावायचा. जेवणानंतर चार झुरके घेतले की आन्सेल्मचे पाय सुटायचे. आन्सेल्म हसायचासुद्धा.

आजारी माणसाला गांजा जवळ ठेवायची परवानगी तेव्हा मिळायची, पण डॉक्टरची सही लागायची. झेली तीनदा गेली सहीला.

"मला वरून नको म्हणून सांगितलंय, मिसेस शियासों," डॉक्टर म्हणाले. "उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात येईल."

"आणि आज जे होतंय ते?"

डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

एकदा झेली वेंडलकडून परत येत असताना पुलाजवळ पोलिसांची तपासणी लागली होती. गावचा पोलीस टोबिन खिडकीशी आला. त्याच्या दोन्ही मुली झेलीच्या बसमधून जायच्या. तो वाकला आणि तसाच थांबला.

"झेली," तो हळूच म्हणाला, "मला वास येतोय. येत नाही असं म्हणालो असतो, पण मागे तो नवीन साहेब उभा आहे. त्यालाही नाक आहे."

झेलीने सीटखालची गांजाची बरणी काढून त्याच्या हातात दिली.

"कुणासाठी आहे ते मला माहीत आहे," टोबिन म्हणाला.

"माझी आहे," झेली म्हणाली. "लिही तू. माझी आहे."

दुसऱ्या दिवशी बसच्या ठेकेदाराचा फोन आला. खटला संपेपर्यंत बसला हात लावायचा नाही. झेलीने किल्ली नेऊन दिली आणि घरी येऊन बटाटे सोलायला बसली. मी शेजारी बसले होते. सोललेला बटाटा ती पुन्हा सोलत होती.

गावात बोलायला काय लागतं? को-ऑपच्या दुकानात दुधाच्या फ्रीजपाशी माझ्या कानावर आलं, "म्हणूनच बस इतकी संथ चालवायची होय!" आणि त्यावर हसणं. मी वळून बघितलं तर सगळे दुधाच्या खोक्यांवरच्या तारखा वाचत होते.

सरकारकडून मिळालेली वकील होती मोरॅग रँकिन. उंच, लालसर केसांची, बोलताना पेनाचं टोपण चावणारी. आम्ही दोघी तिच्या कचेरीत बसलो होतो. तिने सरकारी वकिलाचा निरोप सांगितला: चूक कबूल करायची, काही तास गावासाठी काम करायचं, चर्चचं कुंपण रंगवायचं म्हणा, की खटला संपला. शिक्षेची नोंद नाही. बस परत.

"घ्या हे," मोरॅग म्हणाली. "वकील म्हणून मला हेच सांगायला हवं."

"आणि वकील नसतीस तर?" झेलीने विचारलं.

मोरॅगने टोपण तोंडातून काढलं. "गुन्ह्याचा कायदा ओटावाच्या केंद्र सरकारचा, सगळ्या देशाला एकच. पण तो घटनेत बसतो की नाही हे प्रत्येक प्रांताची कोर्टं, अगदी खालच्या कोर्टापासून, ठरवतात. ओंटारियोत एका कोर्टाने म्हटलंय की आजाऱ्यांना औषध मिळायची धड वाट सरकारने ठेवलेली नाही, म्हणून थोडा गांजा बाळगण्याविरुद्धचा कायदाच उभा राहत नाही. आज तिथे तुमची बरणी घेऊन पुलावर उभं राहिलात तर टोबिनसारखा माणूस नुसता हात हलवेल."

"आणि इथे?"

"इथल्या न्यायाधीशांवर ते बंधन नाही. पण ते ऐकू शकतात. आपल्या प्रांतातही एकाने तसं म्हटलं, पुढे तिसऱ्या प्रांतात कुणी म्हटलं, की ओटावाला कायदा दुरुस्त करावाच लागतो. सरकारी वकील तुम्हाला एवढी सवलत का देतोय? इथल्या न्यायाधीशाने तोंड उघडू नये म्हणून."

"आणि हरले तर?"

"शिक्षेची नोंद. बस गेली. बॉस्टनला मुलीकडे जायचं तर सीमेवर अडवतील."

झेलीने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "देशाचं मला कळत नाही. पण चूक केली असं मी लिहून देणार नाही. नवऱ्याचे पाय पिळवटताना बघत बसले असते, तर ती चूक झाली असती."

घरी आन्सेल्म भडकला. खुर्चीतून उठता येत नव्हतं म्हणून जास्तच भडकला. "माझ्या तंगड्यांपायी तू रेकॉर्डवर जाणार? मान खाली घाल, सही कर, कुंपण रंगव! मी येतो ब्रश धरायला!"

"तुला ब्रश धरता आला असता तर कोर्टात जायची वेळच आली नसती," झेली म्हणाली.

मग तो रडायला लागला आणि मी चुलीवरच्या फ्रिको रश्श्याखालची आच कमी करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले.

सुनावणी ऑगस्टमध्ये झाली. कोर्ट दक्षिणेला, सव्वा तासाच्या वाटेवर. न्यायाधीश मॅकिसॅक म्हणजे जाड भुवयांचे गृहस्थ. चेहऱ्यावरून काही कळू देणार नाहीत असे. सरकारी वकिलाने विचारलं, "बरणीत गांजा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"तो बाळगणं बेकायदा आहे हे ठाऊक होतं?"

मोरॅग उठायला लागली, पण झेलीने उत्तर देऊन टाकलं. "या प्रांतात आहे आणि त्या प्रांतात नाही, असं ऐकलं होतं. तुम्हाला नक्की ठाऊक आहे का?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी नुसतं वर बघितलं आणि हसणं थांबलं. मोरॅगने आन्सेल्मच्या दुखण्याचे कागद दिले, डॉक्टरच्या नकाराचं सांगितलं, ओंटारियोचा निकाल वाचून दाखवला. न्यायाधीश लिहीत राहिले. मग म्हणाले, निकाल ऑक्टोबरमध्ये.

ते दोन महिने माझ्या वहिनीने कसे काढले ते मी पाहिलंय. सकाळी शाळेच्या वेळेला ती खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि नवा ड्रायव्हर वळणावर ब्रेक कसा मारतो ते ऐकायची. वेंडलकडे जायची हिंमत नव्हती. आन्सेल्म पुन्हा गोळ्यांवर गेला होता, पुन्हा कोण म्हणून बघायला लागला होता.

निकालाच्या दिवशी सकाळी सुएत सुटला होता. ट्रक झेलीच चालवत होती, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. वारा आडवा येऊन धडकायचा आणि आम्ही रस्त्याच्या कडेकडे सरकायचो. रेडिओ लावला तो वाऱ्याची बातमी ऐकायला. त्यात निवेदकाने सांगितलं की ओंटारियोच्या वरच्या कोर्टाचा निकाल आला आहे. रुग्णांना अडवणाऱ्या अटी कोर्टाने काढून टाकल्या. आता वाट मोकळी झाली, म्हणून गांजा बाळगण्याविरुद्धचा कायदा पुन्हा लागू.

झेलीने रेडिओ बंद केला.

"ज्याच्या आधाराने उभे होतो तेच काढून घेतलं," ती म्हणाली. "कोरीन, आता काय?"

मी म्हटलं, "समोर बघ, झेली."

कोर्टाच्या दाराशी मोरॅग धावत आली. बातमी तिलाही कळली होती. "धीर धरा," ती म्हणाली, पण ते आम्हाला की स्वतःला, कुणास ठाऊक.

न्यायाधीश मॅकिसॅक आले आणि वाचायला लागले. सुरुवातीला एक शब्द कळेना. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि सरळ झेलीकडे बघितलं.

"ओंटारियोच्या कोर्टाचा उन्हाळ्यातला निकाल माझ्यावर बंधनकारक नव्हता आणि आजचाही नाही. पण दोन्हींमधला तर्क मला पटतो. रुग्णाला ज्या दारातून जायला सांगितलं होतं ते दार या प्रांतातही बंदच होतं. तुम्ही तीन वेळा ठोठावलंत. दार बंद ठेवून, भिंतीवरून चढलात म्हणून शिक्षा करायची, हे घटनेत बसत नाही. मे महिन्यातल्या त्या दिवशी तुमच्याविरुद्ध वापरता येईल असा कायदा उभाच नव्हता. आरोप रद्द." मग पुढे म्हणाले, "मिसेस शियासों, हे त्या दिवसापुरतं आहे. अटी आता निघाल्यात, कायदा पुन्हा उभा आहे. आज बरणी सापडली तर मला वेगळं बोलावं लागेल."

मोरॅगने झेलीला मिठी मारली. झेली तशीच उभी राहिली, हात खाली सोडून.

परतताना वारा पडला होता, पण ती मघापेक्षाही हळू चालवत होती. वरच्या दरीचा फाटा आला तसा तिने ट्रक कडेला घेतला.

"तू उतर," ती म्हणाली. "पेट्रोल पंपावर चहा घे. मी येते तुला घ्यायला."

"कुठे निघालीस?"

"सही व्हायला किती आठवडे जातील सांग. तोवर त्याच्या पायांना काय सांगू? कायदा दुरुस्त झाला, थोडा धीर धरा?"

"झेली, तासाभरापूर्वी सुटलीस तू!"

"म्हणूनच म्हणते उतर. दोघींना कशाला?"

मी उतरले नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि फाट्यावर वळली.

येताना बरणी माझ्या मांडीवर होती, कोटाखाली. पुलाच्या अलीकडे आरशात पोलिसांची गाडी दिसली. झेलीने वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. गाडी मागे लागून राहिली, मैलभर असेल की अर्धा मैल, मला कळत नव्हतं. मी कोट बरणीवर आणखी ओढून घेतला. झेली ओठांतल्या ओठांत बसमधलं कुठलंसं गाणं गुणगुणायला लागली. मग ती गाडी बाजूने पुढे गेली. आत टोबिन होता. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. बघितलं नाही की बघायचं टाळलं, ते त्याने पुढेही कधी सांगितलं नाही.

मॅकिसॅकसाहेबांचा निकाल दाखवून आमच्या प्रांतात त्या हिवाळ्यात आणखी काही जणांवरचे आरोप मागे घेतले गेले, असं मोरॅगने कळवलं. त्यात एक हॅलिफॅक्सची म्हातारी होती, कॅन्सरची. झेलीला तेवढंच ऐकून बरं वाटलं. बाकी कलमांची नावं तिने ऐकून सोडून दिली. आन्सेल्मच्या कागदावर सही केली ती हॅलिफॅक्सच्या एका तरुण डॉक्टरीणबाईने, मार्च महिन्यात. तोवर झेली दर पंधरवड्याला दरीत जात राहिली आणि मी दर खेपेला तिच्या शेजारी बसत राहिले.

नव्या ड्रायव्हरशी ठेकेदाराने केलेला करार संपला तेव्हा, इस्टरनंतर, बस तिला परत मिळाली. पहिल्या सकाळी सहा घरांच्या आयांनी मुलांना स्वतःच्या गाडीने शाळेत नेलं. जूनपर्यंत ती सगळी मुलं बसमध्ये होती, कारण शेवंडांच्या हंगामात पहाटे कुणाला वेळ असतो? झेली प्रत्येक घराशी आधीसारखीच थांबायची. दार उघडायची, आमच्या फ्रेंचमध्ये "बाँजूर" म्हणायची, आणि मूल नीट बसलं की मगच निघायची.