टिटवाळ्याचं पाणी आणि माझा बुडालेला गुण

मंडळी, बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा एलएलबीची सीईटी देते आहे. मागच्या वर्षी प्रवेश थोडक्यात हुकला. यंदा हुकू द्यायचा नाही.

आज दुपारी डोंबिवलीला घरीच सराव पेपर सोडवला. एक प्रश्न असा: 'टिटवाळ्यात नव्या इमारती झाल्या. त्यानंतर पाणी कमी येऊ लागलं. म्हणजे इमारतींमुळेच पाणी कमी झालं. या युक्तिवादात दोष कोणता?'

मी ठामपणे खूण केली: दोष नाही.

पेपर तपासताना लेक म्हणाली, "आई, कॉलेजात हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादातले दोष, तूच शिकवतेस ना गं?"

"अगं, तुझी मावशी टिटवाळ्यालाच राहते. रोज बादल्या भरून ठेवते. खरं काय ते मला ठाऊक आहे."

"खरं असेलही. पण एवढ्यावरून ते सिद्ध होतं का? परीक्षेला मावशीला साक्षीला नेणार आहेस?"

मी चूक कबूल केली. आमच्या घरात हे क्वचित घडतं.

मग चुकलेले जुने प्रश्न काढून पाहिले. बहुतेक ठिकाणी निष्कर्ष मला आधीच पटलेला होता, म्हणून दोष दिसलाच नव्हता. आता महिनाभर असलेच प्रश्न सोडवणार.

तुमचं एखादं लाडकं मत कारणासकट खाली लिहा. दोष मी शोधते. फक्त रागावू नका.