तीनदा नको

सांगावं की गिळून टाकावं, असं झालंय मला. चूक माझी, फजिती माझी आणि हसणार तुम्ही! पण हसा. आधी चहा ओतून घ्या, निवतोय तो.

बाई मी चौथीपर्यंत शिकलेली. पण बाळंतपणातलं मला कोणी शिकवायला यायचं नाही! पाच जावांची, दोन नणंदांची बाळंतपणं ह्या हातांनी केलीत. एकीची कंबर दुखत नाही आजतागायत. दुखत असेल तर तिनं माझ्यासमोर येऊन सांगावं, बघते मी तिच्याकडे.

तर ही गोष्ट आखातातल्या दोहा शहरातली, ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची. आमचे हे एका कंपनीत ड्रायव्हर. आम्ही तिथल्या नजमा वस्तीत एका खोलीत राहायचो आणि ह्यांच्या साहेबाच्या बंगल्यावर मी स्वयंपाकाला जायचे. साहेब इंग्रज, ताडमाड, उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. बायको हाँगकाँगची चिनी. नाव मेई. एवढीशी पोर, पण भारी गोड. मला 'आंटी' म्हणायची. आमचं बोलणं थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी सगळे हातवारे.

पहिल्याच आठवड्यात मी तिच्यासाठी घावणे नेले.

"नो आंटी, थँक यू."

मी डबा पुढे केला. "नो, नो." पुन्हा पुढे केला. "नो..." चौथ्यांदा मी विचारलंच नाही, थेट ताटलीत वाढले. चार घावणे खाल्ले बाईनं!

साहेब हसायला लागला. म्हणाला, "आंटी, हिच्या लोकांत पहिलं नको नुसतं रीतीचं असतं. मला कुठं ठाऊक? लग्नाआधी सासूबाईंना शाल नेली. त्या नको म्हणाल्या. मी परत बॅगेत ठेवली! मेई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

आता सांगा, एका 'नको'वर थांबायला माणूस आहे की सिग्नल? आमच्या रत्नागिरीकडे असं केलं तर पाहुणे उपाशी परत जातील! मला तेव्हाच कळलं, चीन आणि कोकण म्हणजे सख्खे शेजारी. मधे समुद्र आहे तेवढाच.

पुढे मेईला दिवस राहिले. तिची आई बाळंतपणाला यायची होती, पण व्हिसाच मिळेना. मेई रडवेली. माझा हात धरून म्हणाली, "आंटी, आईला शब्द दिलाय. बाळ झाल्यावर तीस दिवस आमच्या पद्धतीनं नीट सांभाळीन स्वतःला. तुम्ही कराल? आमच्यात असं असतं की..."

"बस!" मी म्हटलं. "मला सांगतेस? मला?"

तिथंच तोंड आवरलं असतं तर हा किस्सा झालाच नसता. पण आवरेल ते माझं तोंड कसलं!

मुलगा झाला. आणि चौथ्या दिवशी विलायतेहून साहेबाची आई उतरली. थोरली मॅडम. आल्या आल्या एसी फुल्ल. मेईच्या हातात संत्र्याचा रस, त्यात बर्फाचे हे एवढाले खडे. वर म्हणते, ऊठ, चाल, अंघोळ कर, मी तर तिसऱ्या दिवशी बागेत काम करत होते!

मेई हसून "येस मदर" म्हणायची आणि पाठ वळली की रस कुंडीत ओतायची. झाड बिचारं गारठलं. अंगावर शाल, पायात मोजे, कान रुमालानं बांधलेले. ते बांधलेले कान बघितले आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. हिला कान बांधायचं कळतं! म्हणजे पोरगी आपल्यातलीच!

मी एसी बंद केला. थोरलीनं लावला. मी बंद केला.

"नो आइस!" मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "बेबी मदर, नो आइस! आइस खलास!"

"मी चार मुलं वाढवलीत," थोरली म्हणाली.

"मग त्यांना विचारा थंडी वाजते का!" हे मी मराठीत म्हटलं, पण पोचलं तिला. आवाज माझा भाषेवर अवलंबून नाही.

शेवटी साहेबाला मधे घातलं. मी सरळ सांगितलं, बर्फ राहील नाहीतर मी राहीन. साहेबाला माझ्या हातचं सुरमईचं कालवण लागायचं. बर्फ गेला!

मग काय विचारता! डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सुंठ, आलं. आल्यावर तर मेईचा भलताच जीव. तीन वेळा नको, चौथ्यांदा खाणार. नजम्यातल्या बायकांना मी रोज रंगवून सांगायचे, चीन देशाची बाळंतीण माझ्या हातावर आहे म्हणून. महिना भरला की ते लोक लाल रंगवलेली अंडी वाटतात आणि पहिली जोडी माझी, असं मेईनं कबूल केलंय, हेही सांगितलं. "आणशील तेव्हा बघू," हे म्हणाले. ह्यांचा स्वभावच तसला.

बाराव्या दिवशी मी ठरवलं, आता हिला तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. आपल्याकडे रोजच घालतात, पण टाके होते म्हणून मी थांबले होते. रस्त्यावरच्या कडुलिंबाचा पाला आणला, पाणी उकळलं, खोबरेल कोमट केलं.

"नो आंटी," मेई म्हणाली.

मी हसले. एक!

"नो, प्लीज आंटी."

दोन!

"नो, नो, आंटी, नो!" डोळ्यांत पाणी.

तीन! आता चौथ्यांदा विचारतंय कोण? धरलं दंडाला आणि नेलं मोरीत. थोरली मॅडम धावत आली, दार धरलं, टॉवेल आणला, टाळ्या वाजवल्या. अहो, जी बाई माझ्या प्रत्येक कामाला नाक मुरडायची, ती टाळ्या वाजवतेय! तिथं तरी मला संशय यावा की नाही? नाही आला. मला वाटलं, शहाणी झाली म्हातारी.

डोक्यावरून सात तांबे घातले. मेई हुंदके देत होती. मी म्हटलं, रड गं, आईची आठवण येणारच.

दुपारी आईचाच ट्रंककॉल आला. मेई दोन वाक्यं बोलली आणि पलीकडून जो आवाज सुटला, तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. चिनी येत नसूनही मी मान खाली घातली.

साहेबानं मला बसवून सांगितलं. त्यांच्यात महिनाभर डोकं धुवायचं नाही. पाण्याबरोबर वारा डोक्यात शिरतो, जन्माची डोकेदुखी लागते. हेच ती मला आधी सांगत होती, आणि मी "बस!" म्हटलं होतं.

"मग तिनं नको का नाही म्हटलं?" मी विचारलं.

"तीनदा म्हटलं, आंटी."

थोरलीनं मला अंगठा दाखवला. शाबास म्हणून! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मेईपुढे जाऊन दोन्ही कान धरले. ती नाक पुसत म्हणाली, "आई म्हणतेय, दिवस आजपासून परत पहिल्यापासून मोज." झालं! बारा दिवस पाण्यात, आणि तेही कढत. मी म्हटलं, मोज. तिसाव्या दिवसापर्यंत एक थेंब तिच्या केसांना लागू दिला नाही. दाराशी मी स्वतः बसायचे. थोरलीची काय टाप होती! मेईच्या आईला पुढं फोनवर ओरडायला जागाच ठेवली नाही मी.

साहेबानं मात्र नियम केला, "ह्या घरात आजपासून नो म्हणजे नो. मेईचं, आईचं, आंटीचं, सगळ्यांचं."

थोरली म्हणाली, "थँक गॉड."

महिना भरला. बाळ असं गुटगुटीत की मांडीवर घेतलं तर पाय बधिर! सगळे म्हणाले, आंटीचा हात. मी नवं लुगडं नेसून मान ताठ करून उभी. मेई परडी घेऊन आली. लालभडक अंडी, कुंकवासारखी. पहिल्यांदा माझ्यापुढे धरली.

आता आपली सवय! पदर पुढे केला आणि तोंडानं म्हटलं, "नको गं, मला कशाला!"

मेईनं परडी मागं घेतली. "ओके, आंटी," म्हणाली आणि पुढे गेली. अगदी आदरानं हो! माझी जोडी थोरलीनं उचलली आणि तिथंच सोलून खाल्ली.

फाटकाशी हे गाडी घेऊन उभे.

"अंडी कुठायत?"

"मी नको म्हटलं."

"किती वेळा?"

"एकदाच हो! दुसऱ्यांदा म्हणू कुठं दिलं तिनं!"