पोर्ट ब्लेअरच्या चार खोल्या

अंदमानला जायचं हे अप्पांच्या डोक्यात कुठून आलं ते मला नीट माहीत नाही. सुताच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत तिकडून जाऊन आलेला कुणीतरी त्यांना भेटला असावा. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "दिवाळी झाली की आपण जहाजात बसायचं."

आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहायची. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "काळ्या पाण्याला सरकार फुकट न्यायचं. तू पैशे भरून जाणार व्हय?"

"भरून जाणार. आणि तुलाही नेणार. येताना रामेश्वर."

रामेश्वराचं नाव निघाल्यावर आत्याचा प्रश्न मिटला. अप्पांचे दोन व्यापारी मित्र आणि त्यांच्या बायका तयार होत्याच. अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे आई-वडील, धरून तीन जोडपी, आत्या आणि मी. आठ माणसं. मी बी.ए.ची परीक्षा देऊन घरी बसले होते. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "राहायची सोय तू बघायची. तुझी इंग्रजी कधी कामाला येणार? मला काय येतंय त्यातलं."

मला त्यांनी कॉन्व्हेंटात घातलं होतं. घरात मराठी आणि कानडी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हीत मी गप्पच. पाहुण्यांसमोर मला इंग्रजीत बोलायला सांगितलं की माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. पण पत्र लिहायचं तर समोर कुणी नसतं. म्हणून ते काम मी आनंदानं घेतलं.

मद्रासच्या पर्यटन कार्यालयाला मी अप्पांच्या नावानं लिहिलं. तीन आठवड्यांनी एक सायक्लोस्टाइल केलेला कागद आला. त्यावर पोर्ट ब्लेअरमधल्या सात ठिकाणांची नावं आणि दर होते. दोन आम्हाला परवडण्यातली नव्हती. उरलेल्या पाचांना मी पत्रं पाठवली, प्रत्येकात तिकीट लावलेलं उत्तराचं पाकीट घातलं. प्रश्न तेच, क्रमांक घालून. चार खोल्या मिळतील का. पहाटे पाचला आंघोळीला गरम पाणी मिळेल का, कारण आमच्या घरची माणसं आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. जेवण पूर्ण शाकाहारी मिळेल का. न मिळालं तर आमचं आम्हाला शिजवता येईल का. जादा खाट टाकता येईल का. हा शेवटचा प्रश्न मी उगाच घातला होता. आणखी कुणी ऐनवेळी 'आम्हीपण येतो' म्हणालं तर असावं म्हणून.

चौघांची उत्तरं आली. न पाहिलेल्या जागेबद्दल ठरवायचं तर पत्र लिहिणारा माणूसच पाहावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. एकानं टाइप केलेलं दरपत्रक पाठवलं आणि माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं जांभळ्या शाईत लिहिलं होतं की सगळं मिळेल. पाचला पाणी, शाकाहारी आचारी, समोर समुद्र, हव्या तेवढ्या खाटा, आणि दर सगळ्यांत कमी. मला तो माणूस पटला नाही. तिसऱ्याकडे खोल्या दोनच होत्या.

चौथं एक लहान लॉज होतं. मालकानं स्वतःच्या हातानं, माझ्या क्रमांकांना त्याचे क्रमांक लावून उत्तरं दिली होती. पाणी पाचला नाही, साडेपाचला. स्वयंपाकघरात मासे शिजतात, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मागे पडवी आहे, तिथे वेगळी चूल मांडा, भांडी तुमची आणा, त्याचे पैसे नकोत. वरच्या दोन खोल्यांतून समुद्र दिसतो, खालच्या दोन खोल्या भिंतीकडे तोंड करून आहेत आणि तिथे डास आहेत. खोलीत दोन पलंग बसतात, तिसरी खाट टाकली तर दार उघडत नाही, म्हणून आठ म्हणजे आठच.

मी ते पत्र अप्पांना मराठीत वाचून दाखवलं. ते हसले. "डास आहेत म्हणून लिहितो? धंदा कसा करतो हा?" पण जागा त्यांना पसंत पडली.

मालकानं पाहुण्यांची नावं आणि वयं मागवली होती. ती यादी मी लिहिली. वरची डावी खोली आत्या आणि मी. शेवटच्या ओळीत माझं नाव, पुढे वय वीस. ते पाकीट मी स्वतः टपालात टाकलं. मी समुद्र पाहिला नव्हता. मला तिकडे जायचं होतं. एखादी गोष्ट मला इतकी हवीशी पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि ते मी कुणाला बोलून दाखवलंही नव्हतं. दुपारी सगळे पडले की मी तो सायक्लोस्टाइल कागद काढून बसायची. त्यावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी.

त्या दिवसांत आमच्याकडे भाकरीवाल्या मावशी दोन-तीनदा येऊन गेल्या. आमच्यातल्या लग्नकार्याला शेकड्यानं भाकरी थापायच्या असल्या की त्यांनाच बोलावतात. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न निघालं असेल. अव्वानं त्यांना एक नवं इरकल लुगडं दिलं. जाताना मावशींनी मला विचारलं, "जहाजात वकारी येती म्हणं, खरं का गं? लिंबू तोंडात धरलं तर?" मी म्हटलं, मला माहीत नाही. अव्वा घाईनं त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

महिन्याभरानं लॉजच्या मालकाचं पत्र आलं. अप्पा पेढीवर होते. आलेली पत्रं मीच फोडत असे, तसं हेही फोडलं.

त्यानं लिहिलं होतं की, आपल्या नावाची दोन पत्रं मला मिळाली आहेत, दोन्हींतलं अक्षर वेगळं आहे, आणि याद्या जुळत नाहीत. कुणी आपल्या नावाचा गैरवापर करत असावं अशी शंका येते. दुसरं पत्र सोबत परत पाठवत आहे. दोहोंतलं खरं कोणतं ते कळवावं, तोवर खोल्या राखून ठेवतो.

आतलं दुसरं पत्र मी उघडलं. इंग्रजीत होतं. सगळं कॅपिटल लिपीत, एकेक अक्षर सुटं. सुताच्या गाठींवर शाईनं खुणा घालतात तसं. अप्पांचं अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. वेळ लागला तो ते इंग्रजी आहे हे पटायला. वाक्यं माझी होती. माझ्या पत्रांच्या कच्च्या प्रती टेबलाच्या खणात असायच्या, त्यांतून उचललेली. 'कृपया', 'आपला आभारी', सगळं जागच्या जागी. मधल्या दोनच ओळी त्यांच्या स्वतःच्या होत्या. माझ्या मुलीची स्वतःचीच येण्याची इच्छा नाही. तिच्या जागी आमची स्वयंपाकीण येईल. आणि खाली मावशींचं नाव, वय पन्नास.

पहिली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मला इंग्रजी येत नाही म्हणणाऱ्या माणसानं माझ्याबद्दल खोटं सांगण्यापुरती ती शिकून घेतली होती.

अप्पा दुपारी जेवायला आले. ते पाटावर बसल्यावर मी ती दोन्ही पत्रं त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"तुला सांगणारच होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"सांगणार होतो की. आधी त्याचं उत्तर येऊ दे म्हटलं."

मी अव्वाकडे पाहिलं. ती चुलीपुढून उठली नाही. आत्या म्हणाली, "असं काय बघतीस तिच्याकडं? समद्यांचं ठरलं. पंधरा दिवस तिकडं भाकरी कोण करनार? तितं नुसता भात न् मासे."

"कडक भाकरी नेता येईल. महिनाभर टिकते."

"माझे दात कुटंयत कडक भाकरी खायला?"

"आणि समुद्राची हवा लागली की ती मऊ पडते," अप्पा म्हणाले. "आमच्यात चर्चा झाली त्याची." म्हणजे कडक भाकरीचीसुद्धा चर्चा झाली होती. माझी झाली होती की नाही, कोण जाणे.

"मग मी करीन भाकरी," मी म्हणाले.

आत्या हसली. अव्वाही हसली असावी, तिची पाठ हलली. मला भाकरी येत नव्हती. शाळा, अभ्यास, परीक्षा या नावाखाली कुणी मला परातीपुढे बसवलंच नव्हतं, आणि मीही बसले नव्हते. आत्यानं परात माझ्याकडे सरकवली. "कर की. आत्ताच कर. तुझा बाप जेवायला बसलायच."

मी बसले. पिठात गरम पाणी घातलं, मळलं. पहिली भाकरी उचलताना मधोमध फाटली. दुसरी तव्यावर गेली पण तिच्या कडा सगळीकडून चिरल्या. आत्या वाकून बघत म्हणाली, "ही भाकरी हाय का अंदमानचा नकाशा?" तिसरी गोल झाली. फुगली नाही, पण गोल झाली. ती मी अप्पांना वाढली. त्यांनी ती पूर्ण खाल्ली, ठेच्याबरोबर. मग म्हणाले, "खायला बरी आहे."

तेवढ्यावर मला वाटलं की जमलं. निघायला अजून महिना होता. महिन्यात मी शिकले असते. रोज वीस केल्या असत्या. मी तसं म्हटलंही.

अप्पांनी हात धुतले. "आता शब्द दिलाय गं मावशींना. त्यांनी लग्नाची दोन कामं सोडली आपल्यासाठी. माणसाला शब्द देऊन मागं कसं घ्यायचं?"

"मला दिला नव्हता?"

हे मी मोठ्यानं बोलले नसेन, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. अव्वा चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "तू पुढं जाशीलच की. नवऱ्यासंगं."

"आणि माझी इच्छा नाही असं का लिहिलंत?"

"काहीतरी लिहावं लागतं," अप्पा म्हणाले. "परक्या माणसाला काय सांगायचं, पोरीला घरी ठेवतोय म्हणून? बरं दिसतं का?" मग कोट घालता घालता, नेहमीच्या आवाजात, "त्याला आज उत्तर टाक. दुसरं पत्र खरं म्हणावं. नाहीतर तो खोल्या सोडून देईल."

मी नाही म्हणू शकले असते. दिवसभर तोच विचार केला. उत्तर न टाकणं सोपं होतं. किंवा पहिलं पत्र खरं असं लिहून मी हट्टानं बरोबर गेले असते, तर त्यानं पलंग मलाच दिला असता आणि मावशींना बंदरावर उतरल्यावर पलंग मिळाला नसता. तिसऱ्या खाटेमुळे दार न उघडणाऱ्या खोलीचं चित्र मला त्या दुपारी बराच वेळ दिसत राहिलं, आणि ते मला आवडलंही, हे कबूल करते. पण बोटीनं एवढ्या लांब गेलेल्या पन्नास वर्षांच्या बाईला जमिनीवर झोपवून मला समुद्र दिसणार नव्हता.

मी पत्र लिहिलं. या वेळी कच्ची प्रत केली नाही. लिहिलं की पहिली सर्व पत्रं मी लिहिलेली आहेत, दुसरं माझ्या वडिलांनी लिहिलं आहे, कुणी गैरवापर केलेला नाही. दुसऱ्या पत्रातली यादी धरावी. मात्र माझी येण्याची इच्छा नाही हे त्यातलं वाक्य खरं नाही. खाली सही केली, माझ्या नावानं. आजवरच्या पत्रांत ते फक्त यादीत होतं.

पाकीट टाकून आल्यावर मी अप्पांना सांगितलं काय लिहिलंय ते. लपवून ठेवलं असतं तर मीही त्यांच्यासारखीच झाले असते. ते चिडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "त्या माणसाला काय करायचंय त्याच्याशी?"

त्यांचं बरोबर होतं. लॉजच्या मालकाचं उत्तर आलं ते अप्पांच्या नावानं. चार खोल्या नक्की केल्या आहेत, सरपण पावसात भिजलेलं आहे तेव्हा थोडा कोळसा सोबत आणावा. माझ्या वाक्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी ते अप्पांना वाचून दाखवलं नाही. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निघायच्या आठवड्यात घरभर पोती होती, ज्वारीच्या पिठाची, शेंगाचटणीची, कोळशाची. अव्वा मला अधूनमधून एखादी वस्तू कुठे भरू ते विचारायची. मी सांगायची. त्यापलीकडे आम्ही बोललो नाही. मद्रास मेल पकडायला ते सगळे स्टेशनवर जाणार त्याच दिवशी सकाळी मी एस.टी.नं मंद्रूपला मामांकडे निघाले. अव्वा म्हणाली, "गाडीपर्यंत तरी थांब की." मी पिशवी उचलली.

मंद्रूपला बाजाराचा दिवस होता. मामी ओसरीवर सुपात मिरच्या निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्या चकित झाल्या. "अगं, तू हितं कशी? तू जानार होतीस न्हवं समुद्रावर? मग तुझी आई म्हनत होती, तुलाच नको म्हनं जहाज. घाबरलीस काय?"

म्हणजे अव्वानं इथंही तेच सांगून ठेवलं होतं. मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "घाबरले नाही, मामी. मला जायचं होतं. त्यांनी मला नेलं नाही."

मामींचा हात मिरच्यांतच थांबला. मग त्यांनी सूप दोघींच्या मध्ये सरकवलं.