‘चोक काढ’ : अबूधाबी ते दुबई, वाळूतून

यूसुफची बायको सकीना मुंबईहून बोटीने दुबईला येणार होती. सोबत तीन वर्षांची नूरी. मुलीला यूसुफने अजून पाहिलेलं नव्हतं. दोघींना आणायला आम्ही अबूधाबीहून निघालो.

ही गोष्ट साठच्या दशकातली, डांबरी रस्त्याच्या आधीची. आज हे अंतर दीड तासाचं आहे. तेव्हा आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या आणि त्याही वारा पुसून टाकी. जीप यूसुफच्या मालकाची, दोन दिवसांसाठी मागून आणलेली. यूसुफ नुकताच गाडी शिकला होता. त्याचे दाऊदमामू मागे पेट्रोलच्या डब्यांमध्ये बसले. त्यांचं आयुष्य लाँचच्या इंजिनाशेजारी गेलेलं. मी पुढे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीतला कारकून. गाडीतलं मला काही कळत नसे.

“बोट दुपारी खाडीबाहेर उभी राहणार, माणसं होडीतून धक्क्यावर येणार,” यूसुफ म्हणाला. “मी समोर दिसलो पाहिजे. तिथं तिला कोण ओळखतं?”

जानेवारीची पहाट, चांगलीच थंड. इंजिन घुरघुरून गप्प बसलं.

“अर्धा चोक ओढ,” मामूंनी मागून सांगितलं. गाडी लागली.

अबूधाबी हे बेट. मक्ता नावाच्या उथळ खाडीतून पलीकडच्या जमिनीवर जायचं ते ओहोटी बघून. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडे पोचल्यावर मामू ओरडले, “इंजिन तापलं. आता चोक काढ रे!”

“काढला!”

पुढे सब्खा. ही खारी जमीन वरून फरशीसारखी दिसते, पण पापुद्र्याखाली चिखल असतो. तिथे जुनी चाकोरी सोडू नये. मऊ वाळू आली की टायरमधली थोडी हवा सोडावी, म्हणजे चाकं रुतत नाहीत. न्याहारीला तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. समुद्र डावीकडे, अगदी हिरवा. मला तो प्रवास आवडू लागला होता.

आणि गाडी मंदावली. पाय दाबला तरी वेग येईना. मागे काळा धूर. शेवटी दोन आचके देऊन ती थांबली आणि पुन्हा लागेना.

“वाळू,” मामू म्हणाले. लाँचवर त्यांना कचऱ्याशिवाय दुसरा रोग भेटला नव्हता. त्यांनी पेट्रोलची जाळी काढून फुंकली. स्वच्छ होती. हवेच्या गाळणीत थोडी वाळू होती, ती झटकली. बॅटरीच्या तारा घासल्या. स्टार्टर जोरात फिरे, इंजिन मात्र पेट घेईना.

यूसुफ सूर्याकडे बघत होता. “मामू, यल्ला, चला लवकर. ती उतरली असेल.”

“मी काय झोपलोय काय?”

मग त्यांनी प्लग काढले. चारही काळे, ओले. पेट्रोलचा वास येत होता. यूसुफने ते सदऱ्याला पुसले आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला.

“इंजिन पेट्रोलमध्ये बुडालंय,” मामू म्हणाले. “चोक काढलास ना?”

“काढला की! पूर्ण काढलाय.”

मी पुढेच बसलो होतो. डॅशबोर्डातून एक मूठ बोटभर बाहेर आलेली होती. “ही अशीच असते?” मी विचारलं.

“काढलीय म्हणून बाहेर आहे,” यूसुफ म्हणाला.

मामू वाकून बघत राहिले. “अरे शहाण्या, काढ म्हणजे बंद कर! आत ढकल!”

“काढ म्हणजे आत ढकल? मग दात काढ म्हटलं तर काय गिळू?”

“टोपी काढ म्हटलं तर काय करतोस? काढतोस ना?”

“तसाच तर ओढून काढला!”

मला हसू आवरेना. मग मामूही हसले. यूसुफ हसला नाही.

तुमची जुनी गाडी अशी धूर सोडून मंदावली, तर आधी चोक बघा. तो हवा अडवून थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देतो. तापल्यावर मूठ आत ढकलून तो बंद केला नाही तर इंजिन गुदमरतं. आम्ही मूठ आत ढकलली, प्लग वाळवले, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारला. खोकून खोकून गाडी लागली.

जबल अली मागे टाकून दुबईच्या खाडीवर पोचलो तेव्हा धक्क्यावरची गर्दी पांगत होती. पत्र्याच्या पेटीवर सकीना बसली होती. यूसुफ धावला. तोंड काळं, सदरा काळा.

“सकाळपासून कोळसा विकत होतात काय?” ती म्हणाली आणि रडू लागली.

नूरी आईमागे लपली. “हा कोण?”

मामूंनी यूसुफकडे बोट दाखवलं, “गाडीवाला.” त्यांना गंमत करायची होती. नूरीने ती खरी मानली.

रात्र दुबईतल्याच देरा भागात ओळखीच्यांकडे काढली. दुसऱ्या दिवशी परतीची वाट बिनतक्रार पार पडली. यूसुफ नाहून स्वच्छ झाला होता, तरी नूरी त्याला ड्रायव्हरच म्हणत होती. घराशी पोचल्यावर ती दारात आडवी उभी राहिली. “पोचलो आम्ही. तू जा आता.”

सकीना रागावणार होती. यूसुफने तिला हाताने थांबवलं आणि बाहेर पायरीवर बसला. मी माझ्या दारात उभा होतो.

त्या वाटेवर पुढे मी पुष्कळदा गेलो, चांगल्या गाड्यांतून, चांगल्या रस्त्याने. त्यातलं फारसं आठवत नाही. हे आठवतं: आत ताटं वाजली, दार थोडं उघडलं आणि फटीतून नूरीने विचारलं,

“ड्रायव्हर, जेवलास?”