प्रदर्शनात नमुनाच विकला

आमचा स्टॉल संडासाच्या बाजूला होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर सगळी चूक आमचीच होती असं वाटायचं. चंद्रपूरच्या त्या मोठ्या मैदानावर तीन दिवसांचं उद्योग प्रदर्शन भरलं होतं. समोरच्या रांगेत ट्रॅक्टरवाले, सोलरवाले, बँकवाले, आणि एकदम मागं, जिथं माणूस नाकाला रुमाल लावूनच येतो तिथं, बांबूवाले, लोणच्यावाले, तांदूळवाले. उद्घाटनाला आलेल्या साहेबांना मात्र आमच्याच परडीतून फुलं दिली. फोटो झाला, परडी तिथंच राहिली, मागायला गेले तर एकजण म्हणतो, "बाई, एका परडीसाठी काय?" तेव्हाच डोक्यात तिडीक गेली होती.

चामोर्शीच्या अलीकडे आमचं गाव. तिथं आम्ही सातजणी बांबूचं काम करतो. सूप, टोपल्या, परड्या तर आहेतच, पण दोन वर्षांपासून बारीक कामट्या विणून छताला टांगायचे दिवेही करतो. कामटी म्हणजे बांबूची चिरून तासलेली पट्टी. त्या दिव्यात बल्ब लावला की भिंतीवर जाळीची सावली पडते. हे काम सगळ्यांना जमत नाही. जमतं ते आमच्या मावशीला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कामटी तासायला बसली की बघत राहावं. एक मोठा दिवा करायला तिला आठ दिवस लागतात.

आणि धानाची कापणी आटोपली की हीच मावशी दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जायची. ठेकेदाराची गाडी येते, बायका भांडीकुंडी घेऊन चढतात, तीन महिने तिकडंच पालात राहायचं. मिरचीनं हात असे जळतात की रात्री पाण्यात बुडवून बसावं लागतं. परतल्यावर महिनाभर तिच्या बोटांना कामटी धरवत नाही. मी तिला शब्द दिला होता, "मावशी, यंदा प्रदर्शनात मोठी ऑर्डर धरतो. तुले मिरचीले जायची पाळी येऊ देत नाई." ती म्हणाली होती, "हाव, पाहू." तिच्या त्या 'पाहू'चाही मला राग आला होता. माझ्यावर भरवसा नाही म्हणजे काय!

प्रदर्शनाआधी गडचिरोलीला एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. गट चालवते म्हणून मी एकटी गेले. कोटातला एक माणूस आला होता. अर्धा दिवस त्यानं आम्हाला हसायला शिकवलं. खरंच! गिऱ्हाईक आलं की कसं हसायचं, दात किती दाखवायचे. चाळीस-पन्नास बायका एकमेकींकडं पाहून दात काढत बसलो. मग जेवण झालं, आणि जेवणानंतर तो काय बोलला ते मला विचारू नका, कारण भात खाऊन माझे डोळे मिटत होते. निघताना एक पुस्तिका हातात दिली. घरी येऊन मी ती पेटीत टाकली.

पहिल्या दिवशी मावशी आणि मी दोघीच स्टॉलवर. मोठा दिवा मधोमध टांगला. दहाच्या सुमारास एक मास्तरीणबाई आल्या, सगळीकडे पाहिलं आणि दिव्याकडे बोट दाखवलं. हाच पाहिजे. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. आता आठवडी बाजारात बसलेल्या बाईला कोणी विचारावं, पहिलं गिऱ्हाईक परत पाठवतात का म्हणून. बोहनी ती बोहनी. पहिल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलं की दिवस वाया गेला, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. मावशी म्हणाली, "बोहनी हाय, देऊन टाकू का?" मी म्हटलं, "दे ना!" मीच रद्दी पेपरात बांधून दिला.

बाजाराचा आणखी एक हिशोब आमच्या डोक्यात पक्का. टोपल्या रिकाम्या करून घरी गेला तो दिवस चांगला, आणि माल वापस नेला तो दिवस वाईट. त्यामुळं आम्ही धडाधड विकत सुटलो. परड्या गेल्या, ट्रे गेले, लहान दिवे गेले. मला वाटलं, जिंकलो.

शेजारच्या स्टॉलवर नागभीडकडचे एक भाऊ होते. त्यांच्याजवळ विकायला काहीच नव्हतं. काचेच्या चार बाटल्यांत चार जातींचे तांदूळ, एका डब्यात शिजवलेला भात, चमचे आणि एक वही. कोणी म्हटलं दोन किलो द्या, तर भाऊ म्हणायचे, "आज नाई, घरी पाठवतो, नाव लिवा." आम्ही हसून हसून बेजार. मावशी म्हणाली, "हा माणूस इथी का करून राह्यला वो? जत्रा पाहाले आला का?" मी तर त्यांना तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मी तांदूळ ईकाले आलो नाई. गिऱ्हाईक धराले आलो. तुम्ही एखादा दिवा तरी टांगून ठेवा." मला वाटलं, जळतो हा आमच्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला स्टॉल साफ. एक सूप उरलं नव्हतं. समोरचे ट्रॅक्टरवाले घाम पुसत उभे आणि आम्ही चादर घडी करून मूल गावावरून एसटीनं घरी. गाडीत मावशीनं चिवड्याचा पुडा फोडला. गावात पोचलो तर बाकीच्या पाचजणींनी चहा ठेवलेला. तिसरा दिवस काहाले थांबाचा? विकायलाच काही नाही तर बसून काय माशा मारायच्या?

चौथ्या दिवशी सकाळी नागभीडच्या भाऊंचा फोन आला. आयोजकांच्या यादीतून त्यांनी माझा नंबर शोधला होता. म्हणाले, "बाई, काल तुमच्या स्टॉलवर एकजण आले होते. जंगलाच्या बाजूला पाहुण्यांसाठी चाळीस खोल्या बांधून राह्यले. त्या मास्तरीणबाईच्या घरी तुमचा दिवा पाह्यला म्हणे. प्रत्येक खोलीत तसाच पाह्यजे होता. अर्धा घंटा रिकाम्या टेबलासमोर उभे होते. मी त्यांचा नंबर घेऊन ठेवला."

मी नंबर उतरवून घेतला. लगेच फोन लावला. माणूस सभ्य होता, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाला, "ताई, तुमचं काम चांगलंच आहे. पण माझे भागीदार सोबत होते, त्यांना दाखवायला तिथं एकही दिवा नव्हता. पुढच्या रांगेत नागपूरच्या एका दुकानदाराचा टांगलेला होता. त्यांना तो पसंत पडला, कालच ठरलं." मी म्हटलं, आठ दिवसांत नमुना करून आणते. तो म्हणाला, "आता ठरलं ताई."

फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा नुसता भडका. त्या कोटवाल्यावर, संडासाजवळ बसवणाऱ्यांवर, नागपूरवाल्यांवर. हसायला शिकवता, आणि हे सांगता येत नाही? मोठे खरेदीदार गर्दी ओसरली की शेवटच्या दिवशी येतात, हे आम्हाला कोण सांगणार, आमचा बाप? त्या माणसाला फोन करून झापायचं ठरवलं आणि नंबरासाठी पेटीतली पुस्तिका काढली. चौथ्या पानावर, चांगल्या मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं. 'मांडलेले नमुने विकू नका. ऑर्डर घ्या. भेट देणाऱ्यांचा नंबर लिहून ठेवा. शेवटच्या दिवसापर्यंत स्टॉल सोडू नका.' मी पुस्तिका मिटली आणि पुन्हा पेटीत, एकदम खाली, लुगड्यांच्या घडीखाली टाकली.

आणि मग मी काय केलं? सांगायची लाज वाटते, पण सांगते. अंगणात सगळ्या कामट्या तासत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी मावशीवर ओरडले. "तुझ्या बोहनीनं घात केला! दिवा काऊन देला? चाळीस दिव्यांची ऑर्डर गेली तुझ्या बोहनीपायी!" बाकीच्यांनी हात थांबवले. मावशीनं मान खाली घातली, हातातली कामटी पुरी केली, उठली आणि घरी गेली. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवसापासून वाटेनासं झालं. तिच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि वापस आले. माफी मागायची तर चौथं पान सांगावं लागलं असतं.

जानेवारीत ठेकेदाराची गाडी आली. आमच्या सातजणींतल्या चौघी चढल्या. मावशी शेवटी होती, डोक्यावर गंज, म्हणजे भाताचं मोठं पातेलं, आणि काखेत वाकळ. मी गंज वर द्यायला हात लावला. म्हटलं, "मावशी, मी तवा लयच बोलली तुले."

ती गाडीत चढून बसली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले तरी असते. वाकळ मांडीवर घेतली आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "पोरी, टरेनिंगले तू गेली होती. मले नुसतं सांगाचं होतं, ईकू नको म्हणून. मी ईकला नसता."