बसवलेला रोबो

नव्या प्लास्टिकला एक वास असतो. किंचित गोडसर, किंचित रॉकेलसारखा, डोक्यात चढणारा. परवा शेजारच्या घरी वाढदिवसाला गेले होते. पोरानं खोक्याचं झाकण टरकावलं, आतून पिवळा रोबो निघाला आणि तो वास माझ्यापर्यंत पोचला, तशी हातातली केकची बशी मी खाली ठेवली. हात ओढला की क्रेन, डोकं आत दाबलं की गाडी. खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच. रंग जरा भडक झाले होते, एवढंच. तुमच्याही बाबतीत होत असेल असं: आपण पिकून जातो, एखादी वस्तू मात्र जिथल्या तिथे कोवळी राहते, आणि मग तिचा उगाच राग येतो. मला आला. पोराला 'छान आहे हं' म्हणून मी लवकर घरी निघाले.

असला रोबो आमच्या घरी आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहाचा. चौसाळ्याला हमरस्त्यालगत आमचं भांड्यांचं दुकान होतं. बाहेरचा माल आता देशात येणार, अशी चर्चा अप्पा, म्हणजे आमचे वडील, गिऱ्हाइकांशी रंगून करत. आमच्यापर्यंत ती चर्चा पोचली ती शाम्पूच्या पुड्यांमधून आणि रंगीत खोक्यांमधून. सोलापूरला माल भरायला गेलेले अप्पा पितळी तांब्यांच्या पोत्यातून हा रोबो घेऊन आले. पितळेचे दिवस सरले, असं ते म्हणत आणि पुरावा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवत. स्वतःचाच धंदा बुडणार हे इतक्या हौसेनं सांगणारा व्यापारी मी पुन्हा पाहिला नाही. या खेळण्यांचा एक कार्टूनचा सिनेमाही आहे, हे त्यांना खोक्यावरून कळलं, आणि सहा महिन्यांनी आत्याच्या लग्नात व्हिडिओ आणायचा ठरला तेव्हा ती कॅसेट बीडहून आणायला त्यांनी व्हिडिओवाल्याला बजावून सांगितलं.

लग्नाला व्हिडिओ ही तेव्हा पंगतीइतकीच पक्की रीत होती. दुपारची जेवणं उरकली, मांडवाच्या एका कोपऱ्यात अंधारासाठी जाजमं टांगली, आणि सुस्तावलेल्या वऱ्हाडासमोर आमचा सिनेमा सुरू झाला. सगळा इंग्रजीत. एक अक्षर कळत नव्हतं, पण लोखंडाच्या माणसांना भाषा लागतेच कशाला? भाऊ अप्पांच्या मांडीवर, हातात आपला रोबो. अर्ध्या वाटेत त्या पिवळ्या पुढाऱ्याच्या, म्हणजे आमच्याच रोबोच्या, छातीत भाला घुसला. त्याच्या सोबत्यांनी त्याला उचललं, दगडाच्या एका खड्ड्यात मांडी घालून बसवलं, त्याच्या छातीतला दिवा काढून त्याच्याच तळहातावर ठेवला आणि वरून दगड रचले. मांडवात मागून कुणी तरी ओरडलं, "अबे, काय लोखंडाची मारामारी लावलीस बे? काढ ती कॅसेट!" हशा पिकला. अप्पा अर्धवट उठले, पण वऱ्हाडापुढे मुलीकडच्यांचं काय चालणार? कॅसेट निघाली, हिंदी सिनेमा लागला. "पुढल्या बारीला पुरा बघू," अप्पा भावाच्या कानात म्हणाले.

तो मात्र माझ्यामागे लागला. "अक्का, त्यो उठतो का गं पुन्हा?"

मला काय ठाऊक? पण मोठ्या बहिणीला सगळं ठाऊक असतं, असा त्याचा समज होता आणि मला तो फार आवडायचा. मी ठोकून दिलं, "उठतो की. बसिवलंय न्हवं का त्याला? निजिवला असता तर न्हाई उठत. ज्याला उठायचं असतंय त्यालाच बसिवतेत."

त्याला ते पटलं. त्या दिवसापासून त्यानं आपला रोबो कधी आडवा ठेवला नाही.

पुढल्या बारीची वाट बघायला अप्पा राहिले नाहीत. त्या पावसाळ्याच्या शेवटी कावीळ झाली, झाडपाल्यात आठ दिवस गेले, आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या सकाळी ते गेले. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. त्याला न्हाऊ घालून, कपाळी विभूती लावून बसवतात, बसलेलंच मिरवत नेतात, आणि खड्ड्यातल्या कोनाड्यात मांडी घालून बसवून, गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून माती देतात. हे सगळं मी त्याआधी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं, म्हणूनच तर त्या दिवशी मांडवात ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं असेल. भावानं मात्र पहिल्यांदाच पाहिलं. अव्वा, आमची आई, ऊर फोडून रडत होती, काका रडत होते, मी रडत होते. तो रडला नाही. जंगमांनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, तळहातावर लिंग ठेवलं, तेव्हा त्यानं माझा हात दाबला आणि हळूच म्हणाला, "अक्का, अप्पाला बसिवलंय."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल. मी त्याला तिथंच जवळ घेऊन खरं सांगायला हवं होतं. मी मान डोलावली. कदाचित मलाही क्षणभर ते हवं असेल. लोक म्हणाले, लई धीराचं लेकरू हाय.

धीराचं लेकरू रोज शाळा सुटली की समाधीपाशी जाऊन बसायला लागलं. पंधरा-वीस दिवसांनी शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला दंडाला धरून घरी आणलं. हातात आमच्या परसातलं खुरपं, कोपरापर्यंत माती. वरची माती जड झाली असेल, म्हणून अप्पांना उठता येत नसेल, असं त्याला वाटलं होतं. हे फक्त मला कळलं. घरात हलकल्लोळ झाला. काकांनी त्याला खांबापाशी उभं करून छडीनं मारलं. "कावून उकरलं बे? कुणी शिकिवलं तुला?" त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी सुपातली तुरीची डाळ निवडत होते. मी मान खाली घातली आणि खडे वेचत राहिले. त्यानं माझं नाव घेतलं नाही. जंगमांना बोलावून समाधीची पुन्हा पूजा झाली, आणि पोराला वाऱ्याबिऱ्याची बाधा नको म्हणून दिवाळीच्या आत त्याला दिंद्रुडला मामांकडे धाडलं. तो तिथलाच झाला. आज तिथंच त्याचं दुकान आहे. सणावाराला भेटतो, एकमेकांच्या मुलांची चौकशी करतो, आणि त्या माराबद्दल कधीही बोलत नाही.

मी बीडला शाळेत शिकवते. मुलांनी काही विचारलं आणि मला येत नसलं, तर 'मला माहीत नाही' असं स्पष्ट म्हणते. मुलं हसतात. हसू देत.

त्या वाढदिवसाहून घरी आले आणि मुलीला तो सिनेमा शोधायला सांगितला. तिनं दोन मिनिटांत मोबाइल हातात दिला. टवके उडालेल्या रंगांचा, गोगलगायीच्या चालीचा एक साधा सिनेमा. मी पुढचं काही न वगळता शेवटपर्यंत पाहिला. तो उठत नाही. शेवटी सोबती येतात, दगड बाजूला करतात, त्याच्या तळहातावरचा दिवा काढून दुसऱ्या कुणाच्या छातीत बसवतात आणि पुढे निघून जातात. रिकामा तळहात थोडा वेळ दिसतो, बस्स.

मी भावाला फोन लावला. तो सिनेमा पाहिला, एवढंच म्हणाले.

"पाह्यलाय मी त्यो," तो म्हणाला. "लई वर्षं झाली. माजलगावात एकाकडं कॅसेट घावली होती. न्हाई उठत त्यो."

"मग मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुला वाटत असंल उठतो म्हणून. ऱ्हाऊ दे म्हणलं."

मग मी ते सांगितलं: की मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, की मी मनचं बोलले होते, की काका मारत होते तेव्हा मी डाळ निवडत राहिले. तो ऐकून घेत होता. मागे दुकानात कुणी तरी साखर मागत होतं.

"माराचं काय न्हाई, अक्का. त्यो कवाच इसरलो. पर त्या दिशी समदी रडली आन मी अप्पा उठायची वाट बघत बसलो. माझं रडायचं ऱ्हाऊनच गेलं. मागनं लई रडून बघितलं, येत न्हाई." मग तो म्हणाला, "गिऱ्हाईक हाय. ठिवतो."

काळ सगळं पुसून नेतो म्हणतात, आणि बरंचसं त्यानं नेलंही. आमचं दुकान गेलं, पितळ गेलं, हमरस्ता रुंद होताना घरासकट तो खांबही गेला, काकाही गेले, त्यांनाही आम्ही बसवूनच माती दिली. उरलं ते एका सहा वर्षांच्या मुलाचं रडणं. ते मी अडवलं होतं, आणि आता सोडते म्हटलं तरी त्या मुलापर्यंत ते पोचणार नाही.